1951 ची एमजी टीडी: आता विकावी की थांबावं? आणि तोवर चालवावी का?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे 1951 ची एमजी टीडी आहे. रस्त्यात थांबवून लोक विचारतात, "हेक्टरवाली एमजी का?" म्हणून आधीच सांगतो: त्याच नावाची, पण इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली. दोन सीटची, उघड्या टपाची, 1250 सीसीची. वडिलांच्या मामांनी ती साठच्या दशकात कोयना प्रकल्पावरच्या एका अधिकाऱ्याकडून घेतली. मामांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ती वडिलांकडे आली आणि नावावरही रीतसर झाली. पाटी अजून जुन्या बॉम्बे स्टेटच्या काळातलीच आहे.

वडील आता 79 वर्षांचे आहेत. गुडघ्यामुळे क्लच दाबता येत नाही. मी चालवतो, ते शेजारी बसतात. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी रचना) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय मी पहिला टाकायला गेलो की हात आडवा घालतात. गाडी विकायचा विषय त्यांनीच काढला. त्यांचं म्हणणं एवढंच, की मी असताना विका, मला घेणारा माणूस बघायचाय.

अडचण किमतीची आहे. 2022 मध्ये पुण्याचे एक गृहस्थ घरी येऊन 32 लाख द्यायला तयार होते. तेव्हा आम्ही विषयच वाढवला नाही. यंदा एका डीलरने 21 सांगितले. कोइमतूरचे एक संग्राहक 24 पर्यंत येतील असं वाटतं, पण त्यांना गाडी साताऱ्यात येऊन स्वतः चालवून बघायची आहे. बंगळुरूचा भाऊ म्हणतो, थांबा. त्याचा दाखला म्हणजे 2022 मध्ये मर्सिडीजची 1955 ची ती उलेनहाउट कूपे साडेतेरा कोटी युरोला गेली, 2023 मध्ये 1962 ची फेरारी 250 जीटीओ पाच कोटी डॉलरच्या वर गेली. जुन्या गाड्या वाढतच जाणार, घाई कशाला, असं त्याचं गणित. शिवाय तोवर गाडी बाहेर काढू नका, प्रत्येक किलोमीटरला किंमत उतरते, हेही तोच सांगतो.

तर माझे प्रश्न:
किंमत पुन्हा वर जाईल का, की हीच उतरती कळा?
विकेपर्यंत गाडी चालवावी की झाकून ठेवावी? आम्ही अधूनमधून यवतेश्वरचा घाट चढून कास रोडला जातो. परळीकडूनही चक्कर होते.
आरटीओमध्ये व्हिंटेज म्हणून नवी नोंदणी करून घ्यावी का?

वडिलांना घाईत चुकीचा माणूस मिळू नये आणि माझ्या हातून त्यांचं नुकसानही होऊ नये, म्हणून इथे विचारतोय.

---

कऱ्हाडी_व्हीटेक (कराड)

दादा, गाडी फार सुंदर आहे, फोटो टाका. पण बाजाराबद्दल माझ्या पिढीचं म्हणणं सांगतो. मी 34 वर्षांचा आहे. शाळेत असताना मी ज्या गाडीच्या काचेला नाक लावून आत बघायचो ती होंडा सिटी 1.5 व्हीटेक, 106 बीएचपीची. आज माझ्याकडे तीच आहे. माझ्या मित्रांपैकी कुणी लान्सर शोधतोय, कुणी पालिओ 1.6, कुणी कॉन्टेसा. एकाला गोव्यात बनलेली ती दोन सीटची सॅन स्टॉर्म हवी आहे. एमजी टीडीकडे आम्ही आदराने बघतो, पण पैसे साठवून कुणी तिच्या मागे लागलेला मला माहीत नाही.

जगभरातही हेच चाललंय. टीडी ज्यांनी तरुणपणी पाहिली ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडच्या गाड्या विकायला निघतात, आणि घेणारे नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्या, ई30 बीएमडब्ल्यू, जुन्या पोर्शे यांच्या मागे आहेत. त्यामुळे भावाला सांगा, 250 जीटीओ जगात 36 आहेत आणि टीडी जवळपास तीस हजार बनल्या. त्या दोन गाड्यांचा बाजार एक नाही.

24 मिळत असतील तर मी थांबणार नाही. चालवण्याबद्दल वडीलधारी मंडळी सांगतील.

---

कृष्णाकाठ_गॅरेज (सांगली)

वरच्या पोराने बाजाराचं बरोबर सांगितलं. आता चालवण्याबद्दल माझं ऐका. मी चाळीसेक वर्षं या इंग्लिश गाड्यांची इंजिनं उघडतोय आणि या बाबतीत माझं मत अगदी पक्कं आहे: टीडी झाकून ठेवली तर ती मरते. किलोमीटरने तिची किंमत उतरत नाही. उभी राहून उतरते.

एकेक बघू.

पहिलं पेट्रोल. आता पंपावर सगळीकडे ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. तुमच्या-आमच्या भागातल्या साखर कारखान्यांतूनच ते इथेनॉल जातं, शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण टीडीच्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये जेटला (पेट्रोल सोडणाऱ्या नळीला) कॉर्कचं सील असतं, आणि तुमच्याकडच्या रबरी नळ्या कुठल्या काळातल्या आहेत ते तुम्हालाच ठाऊक. इथेनॉल रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात टाकी अर्धी भरून गाडी दोन-अडीच महिने उभी ठेवली, की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं आणि टाकीचा तळ आतून गंजायला लागतो. टीडीची टाकी मागे उघड्यावर, पत्र्याच्या चपट्या पेटीसारखी असते. नवी करून घेणं सोपं आहे, पण मूळ टाकी गेली ती गेली. जो चालवतो त्याचं पेट्रोल फिरत राहतं. जो झाकून ठेवतो त्याने निदान टाकी रिकामी करून ठेवावी. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, कॉर्कच्या जागी नवी सीलं घाला, हे दोन दिवसांचं काम आहे. 100 ऑक्टेनच्या पेट्रोलच्या मागे ऑक्टेनसाठी लागू नका, या इंजिनाचं कॉम्प्रेशन सव्वासातच्या आसपास आहे, त्याला एवढ्या ऑक्टेनची भूक नाही. आपल्याकडे 2000 पासून शिसं नसलेलं पेट्रोल आलं, तेव्हापासून हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या झाकणातल्या) एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा, झिजण्याचा प्रश्न मात्र खरा आहे; शिसं त्यांना जपायचं. हेड कधी उतरवलं असेल तर कडक सीटा बसवल्यात का, हे वडिलांना विचारा. बसवल्या असतील तर विकताना ते आवर्जून सांगायचं.

दुसरं लाकूड. टीडीचा पत्रा ज्या सांगाड्यावर ठोकलेला आहे तो लाकडाचा, इंग्लंडात ॲश वापरायचे. बंद गोठ्यात ताडपत्री टाकून ठेवली की ओल धरते आणि मग वाळवी. घेणारा जाणकार असेल तर पहिल्यांदा काय करेल सांगू? दार अर्धवट उघडेल, खालून तळहात लावेल आणि वर उचलून बघेल. या गाडीची दारं मागच्या बाजूला बिजागरीवर असतात. दार उचलताना बिजागरीसकट खांब हलला, तर आतलं लाकूड गेलं. बाहेरून रंग आरशासारखा असू दे, तो माणूस तिथल्या तिथे पाच-सात लाख मनातून वजा करतो. ही परीक्षा तुम्ही आजच घ्या, दोन्ही दारांची.

सांगलीचं सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 ची. गावभागातली एका गिऱ्हाइकाची उघडी इंग्लिश गाडी कित्येक दिवस पाण्यात राहिली. इंजिन आम्ही वाचवलं. गाळ काढला, क्रँक उतरवला, शेल बेअरिंग बदलली, महिन्याभरात ते फिरलं. लाकूड नाही वाचलं. वरून कोरडं दिसायचं आणि स्क्रू पिळला की भुसा यायचा. शेवटी सगळा सांगाडा सागवानात नव्याने घातला, एका बैलगाडीवाल्या सुताराच्या मुलाने घातला, आणि काय सफाईने घातला! पण तेव्हापासून सांगली पासिंगची जुनी गाडी म्हटलं की बाहेरचा माणूस पहिला प्रश्न पुराचा विचारतो. तुमची साताऱ्याची आहे, हा तुमचा मोठा फायदा. गाडी कधी पाण्यात गेली नाही हे लेखी द्या, ठामपणे द्या.

तिसरं, नट-बोल्ट. हे वाचून हसू नका. टीडीच्या या एक्सपीएजी इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाची. आट्यांचं हे माप इंजिन बनवणाऱ्या मॉरिसने जुन्या फ्रेंच मशिनरीवरून घेतलेलं. त्यामुळे नवखा मिस्त्री काय करतो? पान्याचं माप बघतो, बोल्ट इंग्लिश समजून दुकानातून इंग्लिश आट्याचा आणतो आणि जोर लावून बसवतो. आटे गेले. कुठल्याही गाडीवर मला कार्ब्युरेटरच्या स्टडवर किंवा व्हॉल्व्ह कव्हरवर भलते बोल्ट दिसले, की आत काय असेल याचा अंदाज येतो. तुमच्या गाडीवरचे बोल्ट तपासा. जे चुकीचे आहेत ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवून करून मिळतात, तिथे न होणारं काम मी अजून पाहिलेलं नाही. बाकी सुट्या भागांची काळजी करू नका, टी मालिकेचे (टीडी त्यातलीच) भाग इंग्लंड-अमेरिकेतून अजून नवे मिळतात. उलट नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचं एखादं प्लास्टिक तुटलं की जास्त हाल होतात.

आणि बॅटरी! टीडीला प्लस टोक बॉडीला असतं. बॅटरीवाल्या पोराला हे आधी सांगा, नाहीतर तो सवयीने मायनस लावणार. विकायच्या आदल्या दिवशी हे झालेलं मी बघितलंय.

आता चालवायची कशी. हायवेला नेऊ नका. या गाडीचं डिफरन्शियल असं आहे, की ताशी 80 किलोमीटरला इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं, आणि खंबाटकी घाटात मागून कंटेनर अंगावर येतो तेव्हा चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत, गाडी झटकन थांबत नाही, हे त्याला माहीत नसतं. सातारा–मेढा–केळघर रस्ता, कोरेगाव–रहिमतपूर, किंवा तुमचा कास रोड शनिवार-रविवार सोडून. सकाळी लवकर निघा. घाट चढून वर गेल्यावर लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं तशीच चालू राहू द्या. गरम इंजिनाला तेलाच्या दाबाचा काटा 40 पाउंडाच्या आसपास दिसला पाहिजे. तो खाली बसत असेल तर विकायच्या आधी मला दाखवा.

किंमत पुन्हा वर जाईल का? माझ्या मते साधारण टीडी 2022 च्या भावाला परत जाणार नाही. त्या वर्षी सगळ्यांनाच पैसे कुठेतरी घालायचे होते. अमेरिकेत चांगली टीडी 15 ते 25 हजार डॉलरच्या दरम्यान मिळते, आणि हल्ली ऑनलाइन लिलाव झाल्यापासून तो आकडा कोइमतूरच्या माणसालाही मोबाइलवर दिसतो. आपल्याकडे भाव त्याहून चढा राहतो तो आयात शुल्कामुळे आणि इथे अशा गाड्या कमी असल्यामुळे. तो फरक कायम धरून चालू नका. पण चालती, कागद स्वच्छ, एकाच कुटुंबात साठ वर्षं असलेली गाडी ही साधारण टीडी नाही. कोइमतूरचे गृहस्थ स्वतः येऊन चालवणार म्हणतात ना? मला तर 24 पेक्षा हीच गोष्ट मोलाची वाटते. जो फोटो बघून पैसे पाठवतो तो उद्या फोटो टाकूनच विकेल.

डीलरच्या 21 ला नाही म्हणा. कोइमतूरवाल्यांना बोलवा, पण त्याआधी गाडी नीट करा आणि नियमित बाहेर काढा. घाटात तापलेली आणि तरी पहिल्या झटक्यात चालू होणारी गाडी दाखवली, की घासाघीस अर्ध्यावर येते.

---

जमाखर्च_मिरज (मिरज)

मी सीए आहे, गाड्यांमधलं फार कळत नाही, पण चालवण्याचा एक मुद्दा करातही आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो.

स्वतःच्या वापराची मोटार आयकर कायद्यात 'वैयक्तिक वापराची वस्तू' धरली जाते, त्यामुळे ती विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक प्रकरण निकाली निघालं. 1931 ची फोर्ड, 1983 साली 20 हजारांना घेतलेली, पुढे 21 लाखांना विकली. मालकाचं म्हणणं, गाडी माझ्या वापराची होती. न्यायालयाने म्हटलं, गाडी वापरता येण्यासारखी होती एवढं पुरेसं नाही, ती प्रत्यक्ष स्वतःसाठी वापरली याचा पुरावा हवा. तो नव्हता, आणि कर भरावा लागला.

म्हणजे भावाच्या सल्ल्याने गाडी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली ठेवली, तर उद्या तुम्हीच 'ही संग्रहातली वस्तू होती' असा पुरावा तयार करताय. विम्याच्या पावत्या, पीयूसी, मिस्त्रीची बिलं, पेट्रोलच्या पावत्या, वडिलांचे गाडीतले जुने फोटो, सगळं एका फाइलमध्ये लावा. मालक वडील आहेत, तर पावत्या त्यांच्या नावाच्या असलेल्या बऱ्या.

याच कारणाने व्हिंटेज नोंदणीबद्दल मी सावध आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' अक्षरं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशा गाडीचा रस्त्यावर रोजचा वापर करता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यांपुरतीच ती बाहेर काढायची. आता एका कागदावर 'रोजचा वापर नाही' आणि दुसरीकडे 'माझी वापराची गाडी' असं म्हणायचं, तर उत्तर जपून द्यावं लागेल. तुमची सध्याची नोंदणी वैध असेल तर विक्री होईपर्यंत ती तशीच नूतनीकरण करून चालू ठेवा, व्हिंटेजचं काय करायचं ते नव्या मालकाला ठरवू दे. गाडी 'वाहन' प्रणालीत (आरटीओच्या ऑनलाइन नोंदींत) आहे का ते आधी बघा. जुन्या पुस्तकावरच्या बऱ्याच गाड्यांची बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद तिथे चढवणं, राहिलेली असते, आणि ती झाल्याशिवाय तमिळनाडूसाठी ना हरकत दाखला निघणार नाही. याला वेळ लागतो, आजच सुरू करा.

डीलरचा आकडा कमी दिसतो त्यात त्याचा जीएसटीही आहे, मार्जिनवर (खरेदी-विक्रीतल्या फरकावर) 18 टक्के. तुम्ही खासगी विकताय, तुम्हाला तो नाही. पैसे मात्र पूर्ण बँकेतून घ्या, एक रुपया रोख नको. आणि तोवर विमा आयडीव्हीवर (वयानुसार घट धरून विमा कंपनी काढते त्या किमतीवर) न घेता ठरलेल्या किमतीवर मिळतो का विचारा.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार.

कृष्णाकाठकाका, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. प्लस टोकाचं आलं तेव्हा ते लगेच म्हणाले, बरोबर आहे. दारं उचलून बघितली. डावं अगदी घट्ट आहे. उजव्या दाराचा खांब किंचित हलतो, नखाएवढा. वडील म्हणतात पूर्वी तिथे पन्हाळीचं पाणी पडायचं. हे लपवायचं नाही, असं आमचं ठरलंय; एकतर दुरुस्त करून द्यायचं, नाहीतर सांगून किंमत कमी करायची. हेड त्यांनी 2004 मध्ये उतरवलं होतं, कडक सीटा तेव्हाच कोल्हापुरातून बसवल्या, बिल कपाटात सापडलं. व्हॉल्व्ह कव्हरवरचे दोन बोल्ट मात्र वेगळे दिसतात, त्यांचा नमुना घेऊन मी उद्यमनगरला जाणार आहे.

सीए साहेब, 'वाहन'वर गाडी दिसत नाही. सोमवारी जुनं पुस्तक घेऊन आरटीओत जातो. पावत्यांची फाइल बहिणीने करायला घेतली आहे, तिच्याकडे वडिलांचे महाबळेश्वरचे फोटोही आहेत. व्हिंटेजला अर्ज करत नाही.

कऱ्हाडी_व्हीटेक, फोटो उद्या टाकतो. कराडला येणं झालं की तुमची सिटीही बघायची आहे, माझा मुलगा मागे लागलाय.

कोइमतूरच्या गृहस्थांशी बोललो. दिवाळीनंतर येतो म्हणाले, दोन दिवस राहतील. मी त्यांना कास रोडऐवजी केळघरच्या रस्त्याने नेईन असं म्हणतोय. काका, एक शंका: चढावर दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ राहिलं की तेलाचा काटा 45 वरून 35 वर येतो आणि उतारावर पुन्हा वर जातो. हे चालेल का, की आधी तुमच्याकडे सांगलीला घेऊन यावी? यायचं तर मी ट्रकवर टाकूनच आणेन.